चहाच्या टपरीपर्यंतची शर्यत

जयसिंगपुरात रेवती मगदूमचं भांड्यांचं दुकान. ऐपत एकाच गाडीची, म्हणून तिने दहा ठिकाणी पारखून जुनी, छोटी मोटार घेतली. आठवडाभर माल वाहायचा आणि रविवारी हौसेनं रेसिंग ट्रॅकवर पळायचं, असा तिचा हिशेब.

पहिल्याच रविवारी ट्रॅकच्या फाटकात क्लबचे अध्यक्ष प्रतापराव इंगवले आडवे आले. त्यांची जमिनीला पोट टेकेल अशी लाल विदेशी गाडी नुकतीच ट्रकवरून उतरली होती.

"वहिनी, ह्या डब्यातनं भाजी आणा. इथं माझ्या गाडीच्या तोडीची गाडी लागते."

"मग लावा की शर्यत, साहेब. हरले तर परत जाते. जिंकले तर आत सोडायचं."

"कबूल! कुठवर?"

"गावातल्या चहाच्या टपरीपर्यंत."

प्रतापराव तोऱ्यात गाडीत बसले. मग समोर पाहिलं. फाटकाबाहेरच उंचच उंच गतिरोधक, आणि पुढं नुसते खड्डे. ते उतरले आणि ट्रकवाल्याला हाका मारू लागले.

"त्याला कशाला, साहेब?" रेवती म्हणाली. "शर्यत तुमच्या गाडीशी ठरलीय, त्याच्या ट्रकशी नाही."

प्रतापरावांनी हार मानून तिच्यासाठी फाटक उघडलं. त्या दिवशी रेवती ट्रॅकवर शेवटची आली, पण संध्याकाळी चहाला टपरीवर पहिली.