हारामागचा रेडिएटर

गाडीचे भाग माणसांच्या पाठीमागे आपसात भांडत, त्या काळची ही गोष्ट. संग्रामने आपल्या जुन्या गाडीला हौसेने टर्बो बसवला. इंजिनाची ताकद वाढली, तशी त्याची आगही वाढली. ती आग शमवायला मात्र तोच म्हातारा रेडिएटर.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. टर्बोच्या कौतुकाखातर संग्रामने झेंडूचा जाडजूड हार पुढच्या जाळीभर गुंडाळला आणि गाडी घाटात घातली.

जाळीमागे रेडिएटर गुदमरला. "अरे, वाऱ्याची वाटच बंद केलीत! आता पाणी थंड कशाने करू, कपाळाने?"

"माझा हार बघून जळतोयस," टर्बो म्हणाला.

"हार घाल चुलीत! मला वारा हवाय!"

तिसऱ्या वळणावर पाणी उकळलं, रबरी नळी फाटली आणि वाफेचा लोट उठला. त्या वाफेत हार शिजून गळून पडला.

गाडी ओढून गॅरेजात नेली. दस्तगीर मिस्त्रींनी नळी बदलली आणि ते म्हणाले, "इंजिन वाचलं, नशीब समजा. हा रेडिएटर शेवटपर्यंत झुंजला. त्याची कदर करा, दादा."

संग्रामला गहिवरून आलं. तो तडक बाजारात गेला आणि पहिल्याच्या दुप्पट जाड हार घेऊन आला. "हा खास तुला रे," म्हणत त्याने तो जाळीवर घट्ट बांधला.

"मिळाला ना हार? झालं मनासारखं?" टर्बोने विचारलं.

"अरे, मी मागितलं काय होतं!" रेडिएटर झेंडूआडून ओरडला. तोवर गाडी पुन्हा घाटाला लागली होती.