निवळीची विहीर

कठड्याला धरून वाका, पाहुणे. तिसऱ्या टप्प्यावर दगडाला पांढरा पट्टा दिसतो ना? तो येसाईचा पट्टा. किती पावसाळे गेले, पण कोणी तो घासून काढला नाही, आणि काढूही देणार नाही.

येसाई लोणारीण होती. वरच्या उतारावर तिची आणि तिच्या नवऱ्याची, बाळोबाची, चुन्याची भट्टी होती. एका उन्हाळ्यात गाळ काढायला सटवाजी विहिरीत उतरला, तो वर आलाच नाही. त्याला आणायला भाऊ उतरला, तोही गेला, असं सांगतात. दोघांना गळ टाकून ओढून काढावं लागलं. पाण्यातल्या देवता, आसरा, कोपल्या, असं गावाने ठरवलं. त्यांच्यासाठी दिवा सोडला, तर तो अर्ध्यातच विझला. म्हणजे आसरांना तिसरा माणूस हवा! देवाचा कौल लागला बाळोबाचा, आता त्यानेच उतरायचं.

येसाई रडत बसली नाही. चुन्याची निवळी, म्हणजे चुना खाली बसल्यावर वर राहणारं नितळ पाणी, भट्टीच्या तोंडाशी ठेवलं की दुधासारखं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिने निवळीची हंडी विहिरीत सोडली, हेलकावली आणि वर ओढली. निवळी पांढरीफटक झाली होती. नवरा वाचवायचा तर आता काय बोलावं लागणार, ते तिला कळलं होतं.

"आसरांचा कोप न्हाई ह्यो," ती म्हणाली. "माझ्या भट्टीचा वारा हाय. उतारानं येऊन हितं साचलाय. ह्या दोघांस्नी म्या मारलं."

तिने आपल्या हाताने भट्टी विझवली. तो वारा चुनाच पितो, म्हणून घरात होता नव्हता तेवढा चुना कालवून दिवसभर विहिरीत ओतला. उन्हं कलताना दिवा तळाशी गेला आणि तेवत राहिला. तरी उतरायला कोणी धजेना. मग येसाईच निघाली. तेव्हा म्हणे सटवाजीच्या बायकोने, तानुबाईने, पदर खोचला आणि दोर हातात घेतला. तिने दोर सोडला असता, तर तिला कोण बोललं असतं? पण तिने नाही सोडला.

भट्टी पुन्हा पेटली नाही. लोणाऱ्याच्या घराने उपास काढले, खोटं कशाला सांगू?

आजही गाळ काढण्याआधी दिवा आणि निवळी खाली जातात. पहिला उतरतो तो येसाईच्या घरचा, आणि दोर धरते तानुबाईच्या घरची बाई. मी येसाईच्याच घरातला. तेवीस वेळा उतरलो, आणि तेवीस वेळा त्यांनी मला वर घेतलं.