काजळ धरणारी ताटली

काजळ घरीच धरत, त्या काळची गोष्ट. लेकीच्या बारशासाठी मंजुळेने तुपाचा दिवा लावला आणि त्यावर तांब्याची लख्ख ताटली पालथी टेकवली.

ताटलीचा जीव खालीवर होऊ लागला. "मेल्या, माझं तोंड काळं करतोस! आता बायका येतील."

"हलू नकोस गं, काजळ सांडेल," दिवा म्हणाला.

पण तिला चैन पडेना. थरथरून तिने बहुतेक काजळ सांडलं.

बायका आल्या. "किती देखणी पोर! मंजुळे, आधी तीट लाव." मंजुळेने ताटलीवर बोट फिरवलं. डोळ्यांपुरतं काजळ उरलंच नव्हतं. गालावर कसाबसा एक ठिपका झाला.

"एवढ्या देखण्या पोरीला काळं फासलं?" ताटली पुटपुटली.

"देखणी आहे म्हणूनच," दिवा म्हणाला.

बोट फिरलं तेवढीच ताटलीची जागा लख्ख झाली होती. आता तीच तिला उघडी वाटू लागली.