धोंडू गोरिवले आणि धनेशाचा फोटो

करंजखोल नावाच्या एका गावात धोंडू गोरिवले हा एक भोळा गडी राहायचा. वय चाळिशीला आलेलं, अंगात ताकद भरपूर, कामाला वाघ. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. अगदी तसंच. एकदा बायकोनं, वनितानं, सांगितलं, दुधावर लक्ष ठेवा. त्यानं ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली, तरी त्याची नजर हलली नाही. वनितानं कपाळाला हात लावला. धोंडू म्हणाला, सगळं पाहिलं, काहीसुद्धा सुटलं नाही.

गावाच्या वरच्या अंगाला देवीची राई होती. तिथली पडलेली काटकीसुद्धा गावात कुणी उचलत नसे. राईत एक जुना बेहडा होता, आणि बेहड्याच्या ढोलीत दरवर्षी धनेश पक्ष्यांची जोडी घर करायची. मादी आत शिरते, ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि एक फट तेवढी ठेवते. पिलं मोठी होईपर्यंत ती बाहेर येत नाही. नर दिवसभर फळं आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. एखाद्या दिवशी तो आला नाही, तर ती उपाशी.

या घासाचा फोटो काढायला पुण्याहून मुळगावकर साहेब आले. पानांची नक्षी असलेला शर्ट, तशीच पँट, तशीच टोपी. झाडीत उभे राहिले की दिसायचे नाहीत, मोबाइल मात्र सारखा वाजायचा. जाकिटाला बावीस खिसे होते आणि चष्मा कुठल्या खिशात आहे हे त्यांना कधीच सापडत नसे. कुठल्याशा मोठ्या स्पर्धेत त्यांना फोटो पाठवायचा होता. पक्षी त्याच्या घरात दिसावा आणि त्याला जराही त्रास झालेला नसावा, ही स्पर्धेची अट. आधीची चार वर्षं साहेबांचा नंबर हुकला होता. या वर्षी हुकला तर आपण तोंड दाखवणार नाही, असं त्यांनी येतानाच जाहीर केलं. फोटो पाठवायला सहा दिवस उरले होते.

सामान उचलायला आणि सोबतीला साहेबांनी धोंडूला घेतलं.

पहिल्या दिवशी सकाळीच दोघं राईत गेले. साहेबांनी बेहड्यासमोर हिरव्या कापडाचा छोटा तंबू लावला, आत दोन स्टुलं मांडली आणि धोंडूला समजावलं, की रानात शांतता म्हणजे सगळं. काहीही झालं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही.

धोंडूनं मान डोलावली. गोष्ट डोक्यात पक्की बसली.

तासाभरानं तंबूवर टेकलेल्या फांदीवरून हुमले उतरायला लागले. तांबड्या मुंग्यांची ती रांग कापडावरून साहेबांच्या टोपीवर आली, टोपीवरून कॉलरवर आली आणि कॉलरमधून आत गेली. धोंडू बघत होता. त्यानं मनातल्या मनात मोजल्याही, साठाच्या पुढे त्याला मोजता येत नव्हतं. तेवढ्यात वर पंखांचा मोठा आवाज झाला. नर आला. साहेबांनी कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि त्याच क्षणी मुंग्यांनी कामाला सुरुवात केली. साहेब तंबूसकट उठले. तंबू चालायला लागलेला पाहून धनेश आल्या वाटेनं परत गेला.

साहेबांनी शर्ट काढला, झटकला आणि विचारलं, तुला दिसत नव्हतं का?

"दिसत होतं. पण काहीही झालं तरी बोलायचं नाही म्हणालात."

साहेबांनी दात आवळून सांगितलं, की बाबा रे, काही चढताना दिसलं की विचारत बसायचं नाही, लगेच झटकून टाकायचं.

धोंडूनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी नर उजाडतानाच येऊन गेला आणि साहेब उशिरा उठले. मग धनेश नाही तर निदान शेकरू तरी, असं म्हणून ते आंब्याखाली बसले. पाऊण तासानं शेकरू दिसलं. हे एवढं मोठं, तांबूस, झुपकेदार शेपटीचं. ते खालच्या फांदीवरून खोडाला लागलं आणि साहेबांच्या समोर, हाताच्या अंतरावर, सावकाश वर चढायला लागलं. साहेबांनी कॅमेरा उचलला. खांद्यावरचा टॉवेल काढून धोंडू पुढे झाला आणि त्यानं शेकरू झटकलं.

शेकरूनं शेजारच्या झाडावर उडी मारली, तिथून पलीकडच्या, आणि मग ते दिसेनासं झालं. फोटोत टॉवेल आला. टॉवेल छान स्पष्ट आला होता.

साहेब खोडाला टेकून बसले आणि म्हणाले, धोंडू, रानातला जीव चढत असेल तर आपण मागे सरायचं. हात लावायचा नाही, हाकलायचं नाही. त्याला हवं तितकं वर जाऊ द्यायचं.

धोंडूला हे पटलं. घरी जाऊन त्यानं वनितालाही सांगितलं, की साहेब मनानं फार चांगले आहेत.

तिसऱ्या दिवशी साहेब धोंडूच्या ओटीवर जेवायला बसले होते. कॅमेऱ्याची पिशवी अंगणात गाडीच्या टपावर होती आणि धोंडू तिच्याजवळ उभा होता. एक माकड आलं. चाकावर चढलं, बॉनेटवर चढलं, टपावर चढलं. धोंडू चार पावलं मागे सरला. माकडानं पिशवी उघडली, आतलं मोठं भिंग काढलं, वास घेतला आणि ते घेऊन परसातल्या फणसावर गेलं. धोंडूनं मान वर करून ते शेंड्यापर्यंत नीट पोचलेलं पाहिलं. मग ओटीवर येऊन त्यानं सांगितलं, की माकड आलं होतं, हवं तितकं वर जाऊ दिलं, सोबत भिंगही गेलंय.

साहेब ताटावरून उठून फणसाकडे धावले. भिंग सापडलं संध्याकाळी, वनिताला, फणसाखालच्या पाचोळ्यात. काचेला एक चरा गेला होता आणि कडेला दातांच्या खुणा होत्या.

साहेब या वेळी ओरडले नाहीत. ते थकले होते. त्यांनी एवढंच सांगितलं, की कुणी काही घेऊन चाललं असेल तर त्याला केळं दाखवायचं. म्हणजे ते हातातलं टाकतं आणि केळ्याकडे येतं. हे साधं डोकं चालवायला हवं होतं.

धोंडूनं मान डोलावली आणि चौथ्या दिवशी निघताना तो केळ्यांची एक फणी बरोबर घेऊन निघाला.

त्या दिवशी सगळं जुळून आलं. साहेब वेळेवर उठले, हुमले नव्हते, ऊन तिरपं पडलं होतं. नर आला. चोचीच्या टोकाला लालबुंद उंबर धरलेलं. तो ढोलीजवळच्या फांदीवर टेकला. फटीतून मादीची चोच बाहेर आली. दोन्ही चोचींमध्ये वीतभर अंतर राहिलं होतं. साहेबांचं बोट बटणावर होतं.

धोंडूनं पाहिलं, की हा काहीतरी घेऊन चाललाय. तो तंबूतून बाहेर आला, बेहड्याखाली जाऊन उभा राहिला आणि त्यानं केळं उंच धरलं.

उंबर धोंडूच्या डोक्यावर पडलं. धनेश केळ्याकडे आला नाही, डोंगरापलीकडे गेला. ढोलीतली चोच थोडा वेळ तशीच बाहेर राहिली, मग आत गेली. धोंडूला ते बघवलं नाही. पडलेलं उंबर पुसून तो वर चढायला निघाला, तिला द्यायला. साहेबांनी त्याला पाय धरून खाली ओढलं.

मग साहेबांनी त्याला समोर बसवलं आणि बरंच मोठं भाषण केलं. हे रान म्हणजे या पक्ष्यांचं घर आहे. आपण इथे पाहुणे. पाहुण्यानं कशाला हात लावू नये. आणि जाताना सगळं होतं तसं ठेवून जावं, इतकं, की कुणी येऊन गेलं हे कळू नये. बोलता बोलता साहेबांचा गळा दाटून आला. एका सभेत ते हेच बोलले होते, तेव्हाही दाटला होता.

धोंडूच्याही डोळ्यांत पाणी आलं. ही गोष्ट त्याच्या डोक्यात बाकीच्या सगळ्यांपेक्षा पक्की बसली.

पाचव्या दिवशी साहेब तंबूत बसले आणि त्यांच्या लक्षात आलं, की भिंगावरचा चरा रातोरात वाढलाय आणि त्यातून आता नीट दिसत नाही. दुसरं भिंग लावलं तर ढोलीसमोरची जांभळीची पालवी मध्ये येते. मादीवर सावली पडते. त्यांनी जागा बदलली, पुन्हा बदलली. मग धोंडूला हाक मारून कोयती आणायला सांगितली.

धोंडू कोयती घेऊन आला, पण हलेना. म्हणाला, राईतल्या झाडाला गावात कुणी लोखंड लावत नाही. शिवाय कालच साहेब म्हणाले होते, की होतं तसं ठेवायचं.

"ते नंतर रे," साहेब म्हणाले. "फोटो झाला की होतं तसं करून देऊ. देवीला सांग पाहिजे तर."

धोंडू देवळात गेला आणि देवीला तसं सांगून आला. मग जांभळीवर चढून त्यानं साहेब बोट दाखवतील ती फांदी उतरवली. एकूण सतरा. ढोली उघडी पडली. तिच्यावर लख्ख ऊन आलं. नर दोनदा आला आणि लांबूनच फिरून गेला. दुपार झाली, ऊन तापलं, फटीतली चोच वासलेली दिसायला लागली. धोंडू सारखा म्हणत होता, तिला घास मिळालेला नाही. साहेब म्हणत होते, भूक लागली की येईलच. उन्हं कलताना नर आला, घाईघाईनं घास भरवला आणि गेला. साहेबांना फोटो मिळाला. त्याच संध्याकाळी ते गाडीत बसून पुण्याला गेले.

धोंडू घरी जेवायला गेला नाही. घरातलं होतं नव्हतं तेवढं सुंभ घेऊन तो राईत गेला. वनिता शोधत आली तेव्हा तो जांभळीवर बसून फांद्या परत बांधत होता. कुठली फांदी कुठे होती, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. वनितानं त्याला वेड्यात काढलं, आणि मग खालून एकेक फांदी वर द्यायला लागली. सकाळी नर ढोलीवर आला तो थेट, न बिचकता.

महिन्याभरानं साहेबांचा फोटो पहिला आला. पण बक्षीस देण्याआधी जागा बघायची, अशी स्पर्धेची रीत होती. त्यासाठी डॉक्टर मृणाल आठल्ये बाई आल्या. तीस वर्षं त्यांनी धनेशांचा अभ्यास केला होता. बाई कमी बोलायच्या. साहेब त्यांच्या वाटचंही बोलत होते. या राईतलं एक पानसुद्धा आपण हलवलेलं नाही, असं वाटेत त्यांनी तीनदा सांगितलं. मागून धोंडू येत होता. साहेबांना बघून त्याला आनंद झाला होता.

बेहड्यासमोर बाई थांबल्या. हातातला फोटो बघितला, मग झाडाकडे बघितलं. फोटोत ढोलीसमोर मोकळं आभाळ होतं. इथे मात्र ढोलीसमोर जांभळीची दाट पानं होती. तपकिरी, वाळलेली, कुरकुरीत. प्रत्येक फांदीला सुंभाच्या तीन गाठी होत्या.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. पण ते अनुभवी माणूस होते. ही गावची श्रद्धा आहे, ते म्हणाले. नवस असतो. आपण त्यात ढवळाढवळ करू नये.

बाईंनी धोंडूला विचारलं, कुणाचा नवस?

"नवस नाही बाई," धोंडू म्हणाला. "साहेबांचा शब्द आहे. फोटो झाला की होतं तसं करून देऊ, असं त्यांनी देवीला सांगायला लावलं होतं."

"म्हणजे फोटो काढला तेव्हा या फांद्या नव्हत्या?"

"तेव्हा खाली पडलेल्या होत्या. त्याच्या आधी वर होत्या. आता परत वर आहेत."

साहेब जाकिटाचे खिसे चाचपायला लागले. काय शोधत होते ते त्यांनाच ठाऊक. बाईंनी फांद्या मोजायला सुरुवात केली आणि तोडलेल्या सगळ्या इथे आहेत का, म्हणून विचारलं.

धोंडू ओशाळला. काम अर्धवट राहिलं की त्याला नेहमीच लाज वाटायची.

"सोळा आहेत," तो म्हणाला. "तोडल्या सतरा. एक साहेबांनी तिथल्या तिथे चहाला जाळली."

त्यानं कमरेची पिशवी सोडली, आतून सागाच्या पानाची पुडी काढली आणि दोन्ही हातांनी साहेबांसमोर धरली.

"राख सगळी भरून ठेवलीय, साहेब. महिनाभर तुमचीच वाट बघतोय. ही सुंभानं बांधली जात नाही."