एक्केचाळिसावा दिवस

"मग जाऊ का, माई, परत रानात?"

विश्रामनं तिसऱ्यांदा विचारलं. टेकडीखालच्या मठीत माई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. गाव तिचं ऐकायचं, कारण ती गावाचं ऐकायची नाही.

"घरी येऊन किती दिवस झाले?"

"चार."

"एवढ्यात कंटाळलास?"

"मी कुठला, घरच मला कंटाळलं. बायको असून शेवंता धड बोलत नाही. मला बघितलं की पोरगी आईच्या पदराआड. पाच महिने कड्यावरच्या गिधाडांच्या नोंदी केल्या, तिथं माझी कुणाला अडचण नव्हती. वनखात्याच्या साहेबांचा निरोप आलाय, दुसऱ्या डोंगरावर काम आहे. उद्या कळवायचंय."

माईनं एक शेंग फोडली...

"गिधाडं बुजत नव्हती तुला?"

विश्राम खुलला. ही गोष्ट त्याची गावभर सांगून झाली होती.

"बुजायची की. पहिल्या दिवशी मादी उडूनच गेली. मग घरट्यासमोर लांब एका दगडावर बैठक धरली. रोज तीच वेळ, तोच दगड, अंगात तोच सदरा. टक लावून बघायचं नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी तिनं माझ्यादेखत पिल्लाला भरवलं. साहेबांनाही जमलं नव्हतं हे."

"घरट्यातल्या काड्या नीट लावून दिल्यास का तिला?"

"भलतंच काय, माई. घरटं तिचं. आपण काडीला हात लावायचा नाही."

"बरं. आणि स्वतःच्या घरी आल्यावर काय केलंस?"

विश्राम बोटांवर मोजू लागला.

"खाट खिडकीखाली सरकवली. तांदळाचा डबा फळीवरून खाली काढला. कालवण खारट झालंय म्हणालो."

"कधी?"

"आल्या आल्या... त्याच दिवशी."

माई इतकी हसली की मांडीवरचे दाणे जमिनीवर सांडले. विश्राम लगबगीनं गोळा करायला वाकला. तिनं त्याच्या हातावर चापट मारली.

"राहू दे."

तो अवघडून बसून राहिला. दाणे तसेच पडलेले...

थोड्या वेळानं दारातून एक खार आली. थबकली. त्याच्या गुडघ्याजवळचा दाणा उचलून पळाली आणि दुसऱ्यासाठी परत आली.

"साहेबांना काय कळवू?" त्यानं हळू आवाजात विचारलं. हलला मात्र नाही.

"तुझ्या ओट्यासमोर एखादा दगड आहे का रे?"

"आहे."

"मग जा घरी. आणि पोरीकडे टक लावून बघू नकोस."