नरसू पैलवानाची कमान

फार वर्षांपूर्वी, प्लेगाची साथ नुकतीच ओसरली होती तेव्हा, कुरळवाडीत नरसू नावाचा पैलवान होता. अंगात हत्तीचं बळ आणि पोटात हत्तीचीच भूक, असं म्हणतात. साथीत सगळा गाव रानात पळाला. एकटी धुरपा सुईण आजाऱ्यांना पाणी पाजत मागं राहिली. म्हणून गावानं तिच्यासाठी पक्क्या विटांचं घर बांधायला घेतलं, पंचक्रोशीतलं पहिलं. लालभडक विटा, वर माडी, आणि दाराला अशी उंच कमान की उंटावरची वरात आत जावी. गावात उंट नव्हता, ही गोष्ट वेगळी.

जत्रेच्या आदल्या दिवशी कमान पुरी झाली आणि तिच्याखालचा लाकडी आधार काडकन मोडला. नरसू तिथंच होता. त्यानं धावत जाऊन खांदा लावला.

भिका गवंडी वरून ओरडला, "पैलवान, हलू नगंस! चुना वल्ला हाय!"

"कधी वाळंल?"

"वाळंल तवा वाळंल!"

"आरं, उद्या माझी कुस्ती!"

जत्रेची चांदीची गदा मागच्या वर्षी पल्याडच्या गावच्या दौलूनं कुस्ती मारून पळवली होती. ती परत आणायला नरसू वर्षभर तालमीत घुमला होता. खांदा काढला तर घर गेलं, ठेवला तर गदा गेली. दुसरा वासा का नाही लावला, म्हणता? वासा बसेपर्यंत विटा तुम्ही डोक्यावर झेलल्या असत्या का?

धुरपा म्हणाली, "जा रं लेकरा, घर काय, पुन्यांदा बांधू."

"मावशे, माझ्या आईच्या तोंडात शेवटचं पाणी तू घातलंस. आता गप भाकरी भरव."

दुसऱ्या दिवशी दौलू गदा मिरवत, हलगीच्या तालावर दारात आला. "भिऊन दारात लपलास व्हय रं?"

"हात गुतलेत गड्या. तूच ये, ढकल मला. हललो तर गदा तुझी, न्हाईतर माझी."

दौलूनं छातीनं रेटलं, डोक्यानं रेटलं. नरसूचे पाय दगडी उंबऱ्यात घोट्यापर्यंत रुतले, पण कमानीची वीट हलली नाही, असं म्हणतात. शेवटी दौलू धापा टाकत खाली बसला. मग उठला, गदा नरसूच्या पायाशी ठेवली, आणि कमानीच्या दुसऱ्या बाजूला आपला खांदा लावला. चुना वाळेपर्यंत धुरपानं दोघांना भरवलं. गावातलं पीठ संपलं म्हणे.

घर अजून ताठ उभं आहे. आजही कुरळवाडीत नव्या घराचं दार बसवलं की घरधनी नरसूचं नाव घेऊन चौकटीला खांदा लावतो, घरातल्या बाया त्याला भाकरी भरवतात, आणि त्याला ढकलायचा मान पल्याडच्या गावाला असतो. आजवर एकही घरधनी हललेला नाही. हलला असेल, तर कुरळवाडी ते तुम्हाला सांगणार आहे होय!