कतरीनबायनं सांगितलेली नावं

फार फार वर्षं झाली. वसईच्या किल्ल्यावर तेव्हा फिरंग्यांचं निशाण होतं, आणि खाडीकाठच्या खारोड्यात कतरीनबाय नावाची एक सुईण राहत होती. तिनं पोटावर नुसता तळवा ठेवला तरी आडवं मूल सरळ व्हायचं, असं म्हणतात.

त्या गावात चर्चला देऊळच म्हणत. देवळात बायका मागं, जमिनीवर बसायच्या. बोलायचं ते पुरुषांनी. देवळाच्या वहीत मुलाचं नाव लिहायचे, बापाचं लिहायचे. आईच्या जागी 'त्याची बायको' एवढंच. कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

पण पाद्रीचं एक काम अडल्या वेळी सुईणीलाही करता येई. मूल जन्मताच काळंनिळं पडलं, देवळापर्यंत जगेलसं दिसेना, की कतरीनबाय हाताशी असेल ते पाणी त्याच्या कपाळावर ओती आणि बाप्तिस्मा देई. त्यातली काही पोरं जगली, पुढं पानमळे शिंपू लागली. काही गेली. ती देवळाच्या आवारात चाफ्याखाली निजली होती. रविवारची मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, झाली की त्यांच्या आया तिथं घटकाभर टेकायच्या.

मग समुद्रापलीकडून एक नवा पाद्री आला. तरुण होता, दुष्ट नव्हता. पण आपल्या हातून चूक होईल याची त्याला फार धास्ती. वही वाचताना तो थबकला.

"या मुलांना बाप्तिस्मा एका बाईनं दिला? लिहिता-वाचता येतं तिला?"

"नाही," घंटा वाजवणारा म्हणाला.

"मग तिनं शब्द बरोबर उच्चारले कशावरून? रविवारी तिनं सर्वांसमोर सांगावं. नाहीतर तो बाप्तिस्मा खरा धरता येणार नाही, आणि बाप्तिस्म्यावाचून देवळाच्या मातीत जागा नाही; चाफ्याखालच्या मुलांना कुंपणाबाहेर हलवावं लागेल."

पानमळ्यातली मार्था धावत कतरीनबायकडं आली. "बाय, माझ्या पावलूला बाहेर काढणार गं! कोल्हे फिरतात तिथं."

कतरीनबायनं तिला पाणी दिलं, जवळ बसवलं. मग ती बोटांवर एकेक मूल मोजू लागली. शब्दांची तिला भीती नव्हती. एखादं मूल आठवायचं राहून गेलं तर, याची होती.

रविवारी ती मागून उठली आणि सगळ्या पुरुषांच्या मधून चालत पुढं गेली. पाद्रीनं शब्द विचारले. तिनं सांगितले, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते."

"कुणी शिकवलं?"

"आईनं. आईला तिच्या आईनं."

"आज बरोबर म्हटलंस. प्रत्येक वेळी म्हटलंस कशावरून?"

"प्रत्येक वेळचं सांगते. पाद्रीबाब, बसून ऐका. वेळ लागेल."

आणि ती सांगू लागली. "पावलू. आई मार्था. पाणी रांजणातलं, रडला नाही, नुसतं माझं बोट धरलं. जुझे आणि सांतान, जुळे. आई रेजिना. पाणी राहाटाच्या पोहऱ्यातलं, गार होतं म्हणून तळहातात ऊब दिली." ज्या आईचं नाव येई ती मागं उभी राही. दुपार झाली. खाडीला ओहोटी लागायची वेळ टळली, तरी पाणी देवळाच्या पायरीशी तसंच उभं राहिलं, आणि होडीवाले सुकाणू धरून ऐकत बसले, असं म्हणतात.

शेवटी ती थांबली.

"संपली?" पाद्रीनं हळूच विचारलं.

"एक आहे. आंजेलीन. घरात दुसरं कुणी नव्हतं, घागर लांब होती. दारातल्या अळूच्या पानावर पाणी साठलं होतं, ते घेतलं."

"आणि आई?"

"मीच, पाद्रीबाब."

कतरीनबायचं मूल गेल्याचं गावाला ठाऊक होतं. त्या मुलाला नाव होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मार्था पुढं आली आणि तिचा हात धरून उभी राहिली.

पाद्री वेदीच्या पायरीवरच बसला. वही गुडघ्यावर घेतली, लेखणी बुडवली. "पुन्हा सांग, बाय. या खेपेला आयांची नावं आधी." त्याचं शेवटचं अक्षर वाळलं तेव्हा खाडीचं पाणी उतरलं. चाफ्याखालची माती कुणी हलवली नाही.

कतरीनबाय पुढं पुष्कळ जगली. दात पडले, पण गळा खणखणीत राहिला. रविवारी ती पुढच्या रांगेत बसे आणि पाद्री चुकीचं मराठी बोलला की तिथूनच दुरुस्त करी. तीही आता चाफ्याखालीच आहे.

खारोड्यात आजही बाप्तिस्म्याला बाळ आणलं, की आधी आईनं भर देवळात आपलं नाव स्वतः सांगायचं असतं. एखादी नवखी सून लाजून पुटपुटली, तर साऱ्या म्हाताऱ्या एका सुरात म्हणतात, "मोठ्यानं बोल गं, कतरीनबायला ऐकू जायला हवं!"